डाव्या कानामागची घडी

रोज सकाळी साडेनऊला विठूकाका दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे आणि दोन्ही तळवे उन्हाकडे धरायचे. कोपरापर्यंत धुतलेले हात ते कधी टॉवेलाला पुसत नसत. पुसले की बोटांना सूत चिकटतं आणि मग मलमल अडते, असं त्यांचं म्हणणं होतं. चार-पाच मिनिटं ते तसेच उभे असायचे. येणारे-जाणारे रिक्षावाले विचारायचे, "भिया, किसको रोक रहे हो?" काका तळवे न हलवता म्हणायचे, "तेरे को नहीं. तू निकल." हात वाळले की ते आत जायचे आणि पहिलं कापड मांडीवर घ्यायचे. आमचं घर दुकानाच्या बरोबर समोर आहे. मी चोवीस वर्षांची आहे, आणि या जानेवारीपर्यंत माझी सकाळ या दृश्यानं सुरू व्हायची.

विठोबा फडतरे देवासमध्ये फेटे बांधायचे. त्यांचे पणजोबा दरबारात पागोटी बांधायला होते. दरबार गेला, पागोटी गेली, लग्नं मात्र होत राहिली. इथल्या मराठी घरांत नवरदेवाच्या डोक्यावर फेटा चढवायला विठूच लागायचा. त्यांच्या फेट्याची एक खूण होती. नेहमीचा फेटा दोन्ही कानांवरून सरळ जातो. काकांच्या फेट्याची एक पट्टी डाव्या कानामागे तिरपी उतरायची आणि तिथेच आत खोचलेली असायची. जेमतेम तीन बोटं जागा. पण लग्नाच्या फोटोत नवरदेव पाठमोरा असला तरी लोक सांगायचे, हा फेटा विठूचा. माझ्या बाबांच्या लग्नातला फेटाही त्यांनीच बांधलेला. तो आमच्या लोखंडी पेटीत, तसाच बांधलेला, वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवलेला होता. गावातल्या बऱ्याच घरांत असा एक फेटा ठेवलेला असायचा.

त्यांनी लग्न केलं नाही. दुकानाच्या वर त्यांची खोली, मागच्या बाजूला धाकटे भाऊ जयसिंगराव यांचं घर. जयसिंगरावांचा मुलगा अर्पित सहा महिन्यांचा असताना त्याच्या आईला, कमलकाकूंना, टीबी झाला आणि त्या वर्षभर माहेरी राहिल्या. ते वर्ष अर्पित दुकानातच वाढला, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये झोपून. काका रुमालाचा फेटा करून त्याच्या डोक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हे तात्पुरतं. खरा पुढे बांधू." अर्पित शाळेत गेला, इंजिनियर झाला, इंदूरला नोकरीला लागला, तरी सुट्टीला आला की आधी दुकानात यायचा. धारच्या उर्वशीशी त्याचं लग्न ठरलं, २०२४ च्या डिसेंबरची बारा तारीख. त्यासाठी काकांनी मोतिया रंगाची नऊ मीटर मलमल आणून तीनदा धुऊन ठेवली होती. माझ्या आईला ते म्हणाले होते, "वहिनी, खूप डोकी बांधली. आता हे एकच राहिलंय."

आणि मास्तर. त्यांच्याबद्दल गावाला माहीत होतं ते आधी सांगते. यशवंत पोतनीस हे मूळचे धारचे, तिकडच्याच मनावर नावाच्या गावातल्या सरकारी शाळेत चित्रकला शिकवायचे. १९८४ साली शाळेच्या नाटकासाठी बारा पगड्या हव्यात म्हणून ते पहिल्यांदा दुकानात आले आणि मग दर दुसऱ्या शनिवारी येत राहिले. फेटा बांधणाऱ्याला हात बसवायला, नवीन कापड कसं पडतं ते बघायला एक डोकं लागतं. मास्तर म्हणजे ते डोकं. ते दुपारभर स्टुलावर बसायचे. काका त्यांच्या डोक्यावर फेटा बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. संध्याकाळच्या बसनं मास्तर परत. बाजारात सगळे म्हणायचे, "आले मास्तर डोकं द्यायला." मीही लहानपणी तेच म्हणायचे. दुकानाचं शटर कधी बंद नसायचं, आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

२०१५ च्या मे महिन्यात मास्तर वारले. ऐन लग्नसराई होती. काकांनी उजव्या मनगटाला पट्टी गुंडाळली, मुरगळलंय म्हणाले, आणि दहा दिवस कुणाचाही फेटा बांधला नाही. दहाव्या दिवशी पहाटेच्या बसनं नेमावरला जाऊन नर्मदेत बुडी मारून आले आणि पट्टी सोडली. मधल्या दिवसांत आईनं त्यांच्यासाठी आंबेहळदीचा लेप पाठवला होता. मीच तो घेऊन गेले होते. त्यांनी तो पट्टीखालच्या, मुळात न दुखणाऱ्या मनगटाला मुकाट्यानं लावून घेतला.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गावातल्या एका खाजगी ट्रस्टच्या छोट्या संग्रहालयात एक फिरतं प्रदर्शन आलं. पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, बाईवर प्रेम करणाऱ्या बाया, तृतीयपंथी, या सगळ्यांच्या हक्कांचा इतिहास. मोठे छापील फलक होते. अशा प्रेमाला गुन्हा ठरवणारा इंग्रजांचा कायदा, त्याविरुद्धचे अर्ज, दिल्लीच्या न्यायालयाचा २००९ चा निकाल, तो उलटवणारा २०१३ चा, आणि मग तो गुन्हा पुसून टाकणारा २०१८ चा. काचेच्या कपाटांत मोर्चातली एक छत्री, कुणीतरी कधीच न पाठवलेली पत्रं. एम.ए. होऊन मी घरी बसले होते, म्हणून वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायला आणि लोकांना माहिती सांगायला तिथे जाऊ लागले. प्रदर्शन घेऊन आलेली मधुवंती दिल्लीत राहणारी, पण माहेरची ग्वाल्हेरची, मराठी चांगलं बोलणारी. ती म्हणाली, "प्रत्येक गावात एक कपाट त्या गावासाठी रिकामं ठेवतो आम्ही. नाहीतर लोक म्हणतात, ही सगळी मुंबई-दिल्लीची थेरं आहेत."

उद्घाटनाच्या पाहुण्यांना फेटे बांधायला विठूकाकांना बोलावलं होतं. आरसा कुठे लावायचा ते बघायला ते आदल्या आठवड्यात आले आणि फलक वाचत राहिले. हात मागे बांधून, एकेक ओळ, ओठ हलवत. २०१८ च्या फलकापाशी ते थांबले.

"हे खरंच झालंय?"

"हो, काका."

"पोलीस नाही धरत आता?"

"नाही."

"नेमकं कधीपासून?"

"सहा सप्टेंबर, दोन हजार अठरा."

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "तीन वर्षं चार महिने," ते म्हणाले. "मास्तरांना कमी पडले."

एवढंच. पण त्यानंतर चार दुपारी ते मला दुकानात बसवून बोलले. कधी सलग, कधी गिऱ्हाईक आलं की अर्ध्यावर सोडून. डाव्या कानामागच्या घडीची गोष्ट त्यातल्या तिसऱ्या दुपारची. मास्तर लहानपणी धारच्या घरात जिन्यावरून पडले होते. डाव्या कानामागे खोक पडली आणि तिथे केस कधी आले नाहीत. त्यांना त्याची फार लाज वाटायची. फेटा बांधताना ती जागा झाकायला काकांनी एक पट्टी तिरपी उतरवली. ती बरी दिसली. मग हाताला सवय लागली आणि येणाऱ्या प्रत्येक डोक्यावर पट्टी तशीच उतरू लागली. "गावात कुणाच्याच डोक्याला खोक नाही," काका म्हणाले. "पण झाकली मी सगळ्यांची."

मी मधुवंतीला सांगितलं. त्यांना विचारून सांगितलं, पण सांगितलं. ती दुकानात आली, खाली गठ्ठ्यावर बसली, गावासाठीच्या रिकाम्या कपाटात ठेवायला त्यांचा फेटा आणि ती गोष्ट मागितली, आणि काकांनी दोन दिवस विचार करून होकार दिला. अट एकच होती.

"नाव येता कामा नये. अर्पितचं लग्न आहे. त्याच्या डोक्याला माझा हात लागला पाहिजे. नाव आलं तर लावू देणार नाहीत."

"नाव येणार नाही," मधुवंती म्हणाली. "फोटो नाही, दुकान नाही, गल्ली नाही."

त्यांनी जुनं गुलाबी कापड काढून दिलं. घडी केलेलं. मधुवंतीनं ते उलगडून पाहिलं. "नुसतं कापड कपाटात ठेवलं तर लोकांना कळणार नाही, काका. बांधून द्याल?"

"बांधलेलाच पाहिजे?"

"हो," मी म्हणाले. तिच्याआधी मीच म्हणाले.

त्यांनी गुडघा वर घेतला आणि त्यावर फेटा बांधायला सुरुवात केली. आधी साधा बांधला, दोन्ही बाजूंनी सरळ, इंदूरकडे बांधतात तसा. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि सोडून टाकला. पुन्हा साधा बांधला. पुन्हा सोडला. तिसऱ्या वेळी हात आपोआप गेला तसा जाऊ दिला. डावीकडे पट्टी तिरपी उतरली, आत गेली.

"दुसऱ्याच्या हातानं नाही बांधता येत," ते म्हणाले.

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून घेतलं. त्यांनी दोनदा का सोडला, हे विचारावंसं मला वाटलं नाही. आम्ही नाव लपवलं, तोंड लपवलं, गल्ली लपवली, आणि त्यांची सही उजेडात, काचेखाली, ठेवली. आम्हाला ती सही आहे हे माहीत नव्हतं असंही नाही. मला माहीत होतं. पण संग्रहालयाच्या कामात मी फक्त अक्षरं बघत होते. काकांना तर कळतच होतं. त्यांचा हिशेब सरळ होता: फेट्यातलं ज्यांना कळतं ते संग्रहालयात जात नाहीत, आणि जे संग्रहालयात जातात त्यांना फेट्यातलं कळत नाही.

चिठ्ठी मी लिहिली. हिंदीत आणि मराठीत. "फेटा. मलमल, नऊ मीटर. देवास. कारागिराचं नाव राखून ठेवलं आहे. एकतीस वर्षं, दर दुसऱ्या शनिवारी, एका माणसानं हा दुसऱ्याच्या डोक्यावर बांधला आणि संध्याकाळच्या बसआधी सोडला. डाव्या कानामागची तिरपी घडी त्या डोक्यावरची जुनी खोक झाकण्यासाठी सुचली. वरात निघाली नाही." सात वेळा लिहिली. शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मला आनंद झाला होता.

काकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "खोकेचं पण लिहिलंस?"

"नाव नाहीये ना, काका."

"नाव नाही," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "चांगलं लिहितेस."

उद्घाटनाच्या तिसऱ्या दिवशी एका हिंदी वर्तमानपत्रानं स्थानिक पानावर कपाटाचा फोटो छापला. रंगीत, चार कॉलम. फोटोग्राफरनं प्रकाशासाठी डावीकडून घेतलेला. खाली माझी चिठ्ठी, हिंदी, जवळजवळ पूर्ण. सकाळच्या चहाबरोबर तो फोटो गावातल्या प्रत्येक मराठी घरात गेला आणि कुणालाही नाव विचारावं लागलं नाही.

त्या दिवशी ते साडेनऊला पायरीवर आले तेव्हा समोरच्या पानठेल्यावर पाच-सहा जण जमलेले होते. एक म्हणाला, "भिया, मेरा डोका भी ले लो. शनिवार को खाली है." दुसरा म्हणाला, "इसके में खोक नहीं है, भिया नहीं लेंगे." हसले. काकांनी हात वाळेपर्यंत वाट पाहिली आणि आत गेले.

दुपारपासून फेटे परत येऊ लागले.

आधी एक दूधडेअरीवाला आला. त्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पिशवीतून फेटा काढून त्यानं काउंटरवर ठेवला. "काका, बुरा मत मानना. घर में अच्छा नहीं लगता." मग एक बँकेतला. तो हेल्मेट न काढताच ठेवून गेला. मग एक जण बायकोला घेऊन आला. बायको म्हणाली, "फोटोंमध्ये पण तोच आहे हो. आता फोटो काय कापायचे?" नवरा म्हणाला, "म्हणजे काय, मी मांडवात उभा, आणि डोक्यावर हे, त्या मास्तरसाठीचं? मी काय डोकं द्यायला आलो होतो?" काका म्हणाले, "बसा, दुसऱ्या पद्धतीनं बांधून देतो." तो म्हणाला, "हात लावू नका." चौथ्या दिवशी काउंटरवर जागा उरली नाही. फेटे बाकावर, स्टुलावर, गठ्ठ्यांवर, सगळे बांधलेले, सगळ्यांच्या डाव्या बाजूला ती घडी. रिकाम्या डोक्यांनी भरलेलं दुकान मी आमच्या खिडकीतून बघत होते.

पाचव्या दिवशी बाबांनी पेटी उघडली. मी काही बोलले नाही, आई काही बोलली नाही. बाबा स्वतः गेले नाहीत, कामवालीच्या हातून पाठवला. काकांनी आतले वर्तमानपत्राचे बोळे काढून तिच्याकडे परत दिले. "हे घेऊन जा," ते म्हणाले, "हे त्यांचे आहेत."

जयसिंगराव ओरडणारा माणूस नाही. ते दुकानात आले, शटर अर्धं खाली ओढलं आणि भावासमोर बसले. हे मला कमलकाकूंनी सांगितलं, त्या दारात उभ्या होत्या.

"दादा, उर्वशीच्या वडलांचा फोन आला होता. ते मोडत नाहीयेत. चांगली माणसं आहेत. एवढंच म्हणतात, एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका की तो तुमचा हात नाही. कुणीतरी नक्कल केली. विषय संपला."

"आणि अर्पितचा फेटा?"

"तूच बांधायचा. दुसरं कोण बांधणार?"

काकांनी बाकावरचे दोन फेटे उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "कुठे सांगायचं?"

"तिथेच. कपाटासमोर."

रविवारी सकाळी दहाला ते आले. काका, जयसिंगराव, समाजाचे दोन ज्येष्ठ आणि धारहून उर्वशीचे वडील. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी आणि मधुवंती आत होतो. उर्वशीच्या वडलांनी आम्हाला नमस्कार केला, आमचं फार चांगलं काम चाललंय असं म्हणाले. मग जयसिंगरावांनी मोबाइल वर धरला.

काका काचेकडे बघून म्हणाले, "हा माझा हात नाही."

"नाही, म्हणजे आम्ही मानतोच," उर्वशीचे वडील म्हणाले. "पण आम्हाला फेट्यातलं काय कळतं? तुम्ही फरक दाखवा. म्हणजे आम्हालाही चार लोकांना सांगता येईल."

काका कपाटाजवळ गेले. त्यांनी बोट काचेला लावलं नाही, थोडं दूर धरलं. "तुरा आखूड आहे," ते म्हणाले. "पहिला वेढा सैल. मधली पट्टी फुगलीय. आणि ही घडी..." ते थांबले. "ही घडी जिथे उतरायला पाहिजे तिथे उतरली नाही. उगीच घातलीय. बांधणाऱ्याला बांधता येत नाही."

सगळं खोटं होतं. तुरा बोटाबोटानं मोजलेला होता. मी तो गुडघ्यावर बांधला जाताना पाहिला होता.

"आणि ते मास्तर?" एका ज्येष्ठांनी विचारलं. "ते यायचे ना तुझ्याकडे."

"गिऱ्हाईक होते."

"त्यांच्या डोक्याला होती का खोक?"

जयसिंगरावांचा मोबाइल जरा जवळ आला. काकांनी मधुवंतीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही.

"आठवत नाही," ते म्हणाले.

उर्वशीच्या वडलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बस झालं. उगाच त्रास दिला तुम्हाला." बाहेर पडताना सगळ्यांनी मिळून चहा घेतला. दुपारपर्यंत तो व्हिडिओ समाजाच्या ग्रुपवर, लग्नाच्या ग्रुपवर आणि आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला होता. मधुवंतीनं तो माझ्या मोबाइलवर दोनदा पाहिला. म्हणाली, "हे फार महत्त्वाचं आहे. हे नाकारणंसुद्धा इतिहासच आहे. हा कपाटाशेजारी चालवता आला तर..." मी नको म्हणाले. तिनं चालवला नाही. पण चिठ्ठी बदलून "कारागीर अज्ञात" असं केलं, आणि ते मीच टाइप केलं.

प्रदर्शन डिसेंबरच्या आठ तारखेला संपलं. बारा तारखेला आम्ही वऱ्हाडाच्या बसनं धारला गेलो. काका खिडकीशी बसले होते, मांडीवर मोतिया मलमलीची पिशवी. कार्यालयात नवरदेवाच्या खोलीत ते सकाळी नऊला गेले. कमलकाकूंनी मला ओवाळणीचं ताट धरायला आत घेतलं होतं, म्हणून पुढचं मी पाहिलं.

अर्पित खुर्चीत बसला होता. तो उठून त्यांच्या पाया पडला. मग म्हणाला, "मोठेकाका, एक बोलू? समजून घ्याल ना?"

"बोल."

"तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. इकडच्यांनी पण. तुम्ही म्हणालात, तो तुमचा हात नाही. बरोबर? आता मी बाहेर गेलो आणि माझ्या कानामागे सेम टू सेम तीच घडी दिसली, तर लोक काय समजतील? पप्पा पण खोटे पडतील. उर्वशीचे पप्पा पण."

 पिशवीचे बंद काकांनी सोडले होते, ते पुन्हा बांधले, पुन्हा सोडले.

"नाही घालत ती घडी," ते म्हणाले. "साधा बांधतो. इंदुरी."

"जमेल?"

"बस सरळ."

त्यांनी पहिला वेढा घेतला. पाच-सहा पट्ट्या सरळ बसल्या. फोटोग्राफर दारात उभा होता. मग डावीकडे आल्यावर बोटं खाली गेली. अर्पितनं मोबाइलचा कॅमेरा आरशासारखा कानामागे धरला. "दिसतेय, मोठेकाका." त्यांनी सोडला. दुसऱ्यांदा बांधताना ते प्रत्येक वेढा मोजत होते, पुटपुटत, शाळेतल्या मुलासारखे. हात पुन्हा उतरला. तिसऱ्या वेळी अर्पितनं त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही. धरलं आणि डोक्यावरून बाजूला केलं.

"राहू द्या. जाऊ द्या ना आता."

जयसिंगरावांनी कोपऱ्यातलं खोकं उघडलं. त्यात शिवलेले फेटे होते, आत इलास्टिक, इंदूरहून आणलेले, साठ. म्हणजे ते आधीच आणलेले होते. एक त्यांनी टोपीसारखा अर्पितच्या डोक्यावर बसवला. "बसला," कुणीतरी म्हणालं. फोटोग्राफरनं फोटो काढला. काका मलमल गोळा करत होते. नऊ मीटर कापड एकट्यानं घडी करायला वेळ लागतो, म्हणून मी दुसरं टोक धरलं. बाहेर वरातीतल्या प्रत्येक पुरुषाला एकेक शिवलेला फेटा मिळाला. काकांनाही मिळाला. त्यांना तो मोठा होत होता, कानांवर घसरत होता. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते तसेच आहेत, एका हातानं फेटा सावरत.

त्यानंतर दुकान ते रोज उघडायचे, पण कापड काही मांडीवर घ्यायचे नाहीत. परत आलेले फेटे तसेच पडून होते. कमलकाकूंनी सुचवलं, ते सोडून, धुऊन, कापड विकता येईल. ते म्हणाले, बघू.

जानेवारीच्या सुरुवातीला मधुवंतीनं उसन्या घेतलेल्या वस्तू परत करायला सांगितलं. गुलाबी फेटा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मी काकांच्या वरच्या खोलीत गेले. सकाळ होती, ते स्टोव्हपाशी काहीतरी परतत होते. खोकं मी खाटेवर ठेवलं आणि फॉर्म पुढे केला. त्यावर छापलेलं होतं: "वस्तू सुस्थितीत परत मिळाली. मालकाची सही."

त्यांनी चष्मा लावून तो वाचला, ओठ हलवत. मग माझ्याकडे परत दिला.

"मी कशी सही करू?"

"काका, इथे कुणी नाहीये."

"माझा नाही म्हणून सांगितलंय सगळ्यांसमोर. मालकाची सही मी कशी करू?"

"सही नको. तुम्ही नुसतं ठेवून घ्या. मी काहीतरी लिहीन."

"लिहू नकोस," ते म्हणाले. आवाज चढला नाही. खोक्याचं झाकण त्यांनी उघडलं नाही. हातानं ते खाटेच्या कडेपर्यंत सरकवलं, माझ्या बाजूला. "घेऊन जा. असू दे तिथे."

तो फेटा आता संग्रहालयाच्या मागच्या खोलीत आहे. खोक्यावर क्रमांक आहे आणि "मालक अज्ञात" असं लिहिलंय. ते अक्षर माझं आहे.

नऊ दिवसांनी विठूकाका झोपेत गेले. कमलकाकू चहा घेऊन वर गेल्या तेव्हा कळलं. अग्नी अर्पितनं दिला. समाजातले पुष्कळ लोक आले होते, बाबाही होते. परतताना कुणीतरी म्हणालं, शेवटी सगळं नीट मिटलं, हे बरं झालं.

फॉर्म घेऊन गेले त्या सकाळनंतर माझं त्यांच्याशी बोलणं झालं नव्हतं. खोकं काखेत धरून मी जिन्याशी आले, तेव्हा कढईत पोहे तयार झाले होते. काकांनी फळीवरून दोन बश्या काढल्या.

"खाऊन जा," ते म्हणाले. "वरून भुरभुरायचं जिरावण संपलंय, नुसतेच खावे लागतील."